चढले

सकाळी सात वाजले की मी फोन ओट्यावर, मिसळणाच्या डब्याशेजारी, दिसेल असा ठेवते. सव्वासातच्या आसपास त्यावर एक शब्द येतो. ‘चढले’. माझ्या लेकीचा. शब्दापुढे काही नसतं, मागे काही नसतं. तेवढ्या गर्दीत अंगठा हलवायला जागा मिळाली, एवढंच त्यातून कळतं, आणि मला तेवढंच हवं असतं. मग मी गॅस पेटवते.

ती बदलापूरला राहते. नोकरी परळला. आम्ही डोंबिवलीचे, पण लग्नानंतर डोंबिवलीत घर घेणं त्यांना झेपेना, म्हणून तिने नि जावयाने आणखी सहा स्टेशनं पुढे जाऊन घर घेतलं. माझ्या सासूबाई दादरच्या चाळीतून डोंबिवलीला आल्या त्याही याच कारणाने. आमच्या घराण्याचा इतिहास रेल्वेच्या नकाशावर पेन्सिलीने काढता येईल. प्रत्येक पिढी रुळांवरून थोडी पुढे सरकलेली, आणि नोकरी तिथेच, मागे.

काही दिवशी मात्र दुसरा शब्द येतो. ‘राहिले’. म्हणजे गाडी आली, थांबली, गेली, आणि ती फलाटावरच. मग पुढचा शब्द येईपर्यंत माझा हात कशाला लागत नाही.

एक गोष्ट लक्षात येते. लांबच्या गाडीत आपण बसतो. ‘रात्रीच्या गाडीला बसले की सकाळी पोचते,’ असं म्हणतो. एसटीत बसतो, विमानात बसतो. लोकलमध्ये कुणी बसत नाही, लोकलला माणूस चढतो. बसणं हे त्याच्या पुढचं, नशिबात असेल तर.

मी पहिल्यांदा चढले ते 1988 साली. फोर्टातल्या एका कार्यालयात लागले होते. गाड्या नऊ डब्यांच्या होत्या आणि सकाळच्या जलद गाडीला बायकांचा डबा डोंबिवलीला यायचा तोच दारापर्यंत भरून. पहिल्या आठवड्यात एके दिवशी माझ्यासमोरून लागोपाठ तीन गाड्या गेल्या. रडू येत होतं, पण रडायलाही मोकळी जागा लागते. चौथी गाडी आली तेव्हा दारातला मधला खांब धरून उभ्या असलेल्या एका बाईंनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, “पाय ठेव गं. बाकी आम्ही बघतो.” मी फक्त पाय ठेवला. मागून कुणी पाठीला हात लावला, पुढून कुणी दंड धरला, कुणी माझी पर्स आपल्या डोक्यावरून आत पाठवली, आणि गाडी सुटली तेव्हा मी आत होते. दोन महिन्यांनी त्यांचं नाव कळलं. तोवर मी त्यांना मावशी म्हणायला लागले होते आणि पुढची अठरा वर्षं मावशीच म्हणत राहिले.

तेव्हापासून लोकलचं उघडं दार मला माणुसकीचं वाटत आलं. जागा नाही असं ते कधी म्हणत नाही. शेवटच्या माणसाचा शेवटचा पाय टेकेपर्यंत ते उघडं असतं. नोकरीची 31 वर्षं मी त्या दाराच्या भरवशावर केली.

आणि त्याच दारातून आमच्या डब्यातली एक मुलगी गेली. 1996 चा पावसाळा होता. खांब ओला, दारात नेहमीसारखा दाटीवाटीचा घोळका, आणि एक हिसका. आत उभ्या असलेल्यांना आधी कळलंही नाही. दारातला आवाज बदलला, मग साखळी ओढली. तिची छत्री वरच्या रॅकवर राहिली होती. ती मी संध्याकाळी डोंबिवली पश्चिमेला तिच्या घरी नेऊन दिली. तिच्या आईने छत्री उघडून वाळत घातली. मला आजवर त्याचा अर्थ लावता आलेला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्याजणी त्याच गाडीला, त्याच डब्यात चढलो.

मुंबईच्या उपनगरी मार्गांवर 2024 या एका वर्षात दोन हजार चारशेंहून अधिक माणसं गेली. त्यातली सर्वांत जास्त रूळ ओलांडताना, आणि त्याखालोखाल चालत्या गाडीतून पडून. रोजचे सहा-सात. बातमीत ते आकडे येतात. छत्र्या येत नाहीत.

डोंबिवलीहून ठाण्याकडे जाताना दिवा मागे पडलं की एका हाताला खाडी लागते आणि दुसऱ्या हाताला पारसिकचा डोंगर. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली हे आपल्याकडून शाळेत घोकून घेतात. पुढच्याच वर्षी, मे 1854 मध्ये, रूळ खाडी ओलांडून कल्याणला पोचले, हे फारसं कुणी सांगत नाही. पण ठाण्यापलीकडच्या आम्हा सगळ्यांचा जन्म त्या दुसऱ्या तारखेचा. डोंगराला वळसा घालून, खाडीच्या कडेकडेने, वळणं घेत तो मार्ग टाकला. मुंब्र्याला गाडी जी कलते ती त्या वळणांमुळे. पुढे 1916 मध्ये डोंगराच्या पोटातून पारसिकचा बोगदा सुरू झाला, सव्वा किलोमीटरहून थोडा मोठा, आणि जलद गाड्या सरळ त्यातून जायला लागल्या. आमच्या काळी बोगदा आला की कानाला दडे बसायचे, गार ओलसर हवा आत शिरायची आणि घामेजलेल्या डब्यात सगळ्याजणी एकदम गप्प व्हायच्या. दिवसातला तो एकच गारवा.

खरी अडचण मात्र बोगद्यात नव्हती. कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंत सहा मार्गिका झाल्या होत्या. दिव्यापासून कल्याणपर्यंतही सहा होत्या. मधल्या नऊ किलोमीटरांत फक्त चार. लांब पल्ल्याची मेल-एक्स्प्रेस आणि आमची लोकल त्या चिंचोळ्या जागेत एकमेकींची वाट अडवायच्या. ठाण्याच्या अलीकडे गाडी उगीचच उभी राहिली की डब्यात कुणीतरी म्हणायचं, “मेल सोडली असेल.” किती लेट मार्क त्या तीन शब्दांवर लागले असतील, देव जाणे.

ठाणे-दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका 2008 च्या सुमारास मंजूर झाली आणि फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाली. नऊ किलोमीटरला चौदा वर्षं. हे वाचून चीड येते, मलाही यायची. पण मी ते काम खिडकीतून रोज पाहिलेलं आहे. एका बाजूला भरती-ओहोटीचं पाणी आणि चिखल, दुसऱ्या बाजूला डोंगर, मधे रुळांना टेकलेली घरं, कळव्याचं फाटक, आणि या सगळ्यातून दर तीन-चार मिनिटांनी माणसांनी भरलेली गाडी जाणार. ती थांबवायची नाही. चालत्या गाडीच्या शेजारी, रविवारच्या पाच तासांत, रूळ हलवायचा. नवीन शहरात नवीन रेल्वे घालणं वेगळं आणि दीडशे वर्षांच्या रेल्वेच्या कुशीत तिची बहीण वाढवणं वेगळं.

मेगाब्लॉकला आपण सगळेच वैतागतो. रविवारी लग्न असतं, परीक्षा असते, आजारी माणसाला भेटायला जायचं असतं. एकदा अशाच ब्लॉकमध्ये आमची गाडी कळव्याजवळ मुंगीच्या पावलाने चालली होती. शेजारच्या मार्गावर केशरी जाकिटं घातलेले वीस-बावीस ट्रॅकमन ओळीने उभे होते. पहारी रुळाखाली घातलेल्या. एकजण हाळी द्यायचा, बाकीचे सूर धरायचे आणि सुरावर सगळे एकदम जोर लावायचे. रूळ बोटभर सरकला. परत हाळी, परत बोटभर. मे महिन्याची दुपार होती. मी घड्याळ बघायचं थांबले. पाचवी-सहावी मार्गिका म्हणजे काय, ते मला त्या बोटभर अंतरात दिसलं. शेवटचा ब्लॉक 72 तासांचा होता, 5 ते 8 फेब्रुवारी 2022. तोवर मी निवृत्त झाले होते, पण टीव्हीवर ती बातमी मी घरातलं कार्य असल्यासारखी बघत बसले.

असे बदल आमच्या अंगावरून कितीतरी गेले, बहुतेक न कळता. नऊचे बारा डबे झाले, काही गाड्या पंधरांच्या झाल्या. तीन फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला अशी विजेवरची पहिली गाडी धावली तेव्हापासूनचा 1,500 व्होल्टचा डीसी प्रवाह काढून 25,000 व्होल्टचा एसी घातला. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर ते काम 2015 मध्ये पुरं झालं. शहराचं हृदय चालू ठेवून रक्त बदलावं तसं. आम्हाला कळलं ते इतकंच की नव्या गाड्यांत वरून वारा जरा बरा येतो.

वारा म्हटलं की वातानुकूलित, म्हणजे एसी लोकल आलीच.

देशातली पहिली एसी लोकल 25 डिसेंबर 2017 ला पश्चिम रेल्वेवर, बोरिवलीहून चर्चगेटला गेली. आमच्या मुख्य मार्गावर ती यायला आणखी वेळ लागला. निवृत्तीनंतर एकदा लेकीने मला हट्टाने एसीने नेलं. खरं सांगते, मला भरून आलं. केस विस्कटलेले नाहीत, पदराला कुणाचा पाय नाही, शेजारची मुलगी शांतपणे पुस्तक वाचते आहे. असा प्रवास प्रत्येकीच्या वाट्याला यायला हवा होता, मावशींच्याही, असं वाटत राहिलं. आणि मग ठाण्याला दारं बंद होताना मी एक बाई पाहिली. चाळिशीची असेल, खांद्याला कापडी पिशवी. ती धावत आली, हात पुढे केला, आणि दोन्ही पाखं मिटली. आत हात देणाऱ्या चारजणी उभ्या होत्या. कुणालाच हात देता आला नाही. काचेतून ती आमच्याकडे बघत होती, आम्ही तिच्याकडे. गाडी सुटली.

त्या दिवसापासून माझ्या मनात दोन दारं आहेत. एक उघडं, जे आत घेतं आणि बाहेरही फेकतं. एक बंद, जे आतल्याला जपतं आणि बाहेरच्याला तिथेच ठेवतं.

पाचव्या-सहाव्या मार्गिकेबरोबर मध्य रेल्वेवर 36 नव्या फेऱ्या आल्या आणि त्यातल्या बहुतेक एसी होत्या. मे 2022 मध्ये एसीच्या सुट्या तिकिटाचं भाडं निम्म्यावर आणलं, पण पासाचं तसंच राहिलं. इथले नोकरदार तर पासावर जगतात. त्यानंतर काही वेळांना साधी गाडी काढून त्या जागी एसी आली. त्याच ऑगस्टमध्ये आधी कळव्याला आणि मग बदलापूरला प्रवाशांनी आंदोलन केलं आणि मध्य रेल्वेने दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या. त्या वेळी बरंच लिहिलं गेलं की लोकांना सुधारणाच नको आहे. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचच्या गाडीसाठी माणसाने घर, मूल, पाळणाघर, सगळं बांधून घेतलेलं असतं. ती गाडी गेली म्हणजे त्या बाईचा मागच्या गाडीत दुप्पट गर्दीत शिरकाव, किंवा तो नाहीच. एसी गाडी वाईट नव्हती. ती आणखी एक म्हणून यायला हवी होती, कुणाच्या तरी बदल्यात नको होती.

मग 9 जून 2025. सोमवार होता. लेकीचा ‘चढले’ नेहमीच्या वेळी येऊन गेला होता. मी कपडे वाळत घालत होते आणि शेजारच्या वहिनी आल्या. “टीव्ही लावा,” म्हणाल्या. मुंब्र्याच्या वळणावर, दिवा आणि मुंब्र्याच्या मधे, दोन लोकल एकमेकींना ओलांडताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले होते. चारजण त्याच दिवशी गेले. मार्गिका वाढल्यानंतर जलद लोकल पारसिकच्या बोगद्यातून न जाता मुंब्र्याच्या बाजूनेच जातात, म्हणजे माझी लेक रोज त्याच वळणावरून जाते. मी फोन लावला. लागला नाही. परत लावला. अकराव्या वेळी तिने उचलला आणि म्हणाली, “अगं आई, मी केव्हाच पोचलेय. काय झालं?” मला बोलता येईना. माझ्या डोळ्यांपुढे वाळत घातलेली छत्री होती.

त्यानंतर रेल्वेने सांगितलं की साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवायची. वातानुकूलन नसलेल्या डब्याची दारं बंद केली तर आतली माणसं गुदमरतील, ही जुनी अडचण. त्यावर उपाय म्हणून दाराला हवा येण्यासाठी झडपा, छपरावरून ताजी हवा आत ढकलणारी यंत्रणा, आणि दोन डब्यांच्या मधे जायला वाट, म्हणजे एका डब्यातली दाटी दुसऱ्यात पसरेल. मी हे तीन-तीनदा वाचलं. दारं बंद व्हायलाच हवीत. छत्री वाळत घालणारी आणखी एक आई मला नको आहे, आणि तेवढं एक कारण मला पुरतं.

पण बंद दाराआड किती जणी मावतील, हा प्रश्न दाराने सुटत नाही. आज आमच्या डब्यात चौरस मीटरला चौदा-सोळा माणसं उभी असतात. रेल्वेच्याच भाषेत त्याला अतिदाटीचा भार म्हणतात. दार उघडं आहे म्हणून त्यातले काही बाहेर लटकतात. उद्या ते लटकणार नाहीत, तर फलाटावर राहतील, मागच्या गाडीतल्या लोकांच्या पुढे, आणि त्यांच्या मागे त्याच्या पुढच्या गाडीतले. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली ती गाडीत नव्हती, दारातही नव्हती. जिन्यावर होती. गर्दीला आपण एका जागेतून हलवली की ती दुसरीकडे जाऊन उभी राहते.

म्हणून माझ्यासारखीला बंद दाराइतकीच आस त्या कामांची आहे ज्यांचे फोटो छान येत नाहीत. कल्याण ते बदलापूर तिसरी आणि चौथी मार्गिका, फक्त चौदा किलोमीटर. आज अंबरनाथ-बदलापूरच्या दोनच रुळांवरून लोकल, मालगाडी आणि पुण्याकडची एक्स्प्रेस, सगळ्यांनी जायचं. पनवेल ते कर्जत नवा मार्ग, ज्यात वावर्लेचा बोगदा 2,625 मीटरचा आहे, माझ्या पारसिकच्या दुप्पट. ऐरोली-कळवा जोडणी झाली तर कल्याणकडचा माणूस ठाण्याला न उतरता नवी मुंबईला जाईल. ठाण्याचा जिना त्या दिवशी पहिल्यांदा श्वास घेईल. पण त्या जोडणीच्या वाटेत हजाराच्या आसपास कुटुंबांची घरं आहेत, आणि त्यांना नीट घर देऊन मगच ती पुढे जावी. घर लांब गेल्याने काय होतं हे मला माहीत आहे. फलाट पंधरा डब्यांइतके लांब करायचे आहेत. सिग्नलची नवी पद्धत आणायची आहे, म्हणजे दोन गाड्यांमधलं तीन मिनिटांचं अंतर आणखी कमी होईल. तीनाची अडीच मिनिटं झाली तर तासाला चार गाड्या वाढतात. चार गाड्या म्हणजे ठाण्याच्या फलाटावरच्या त्या कापडी पिशवीवाल्या बाईला तेवढ्याच वेळात आणखी चार दारं.

क्रम तेवढा चुकू नये. आधी रूळ, मग गाड्या, मग दार.

गेल्या महिन्यात मी लेकीकडे मुक्कामाला होते. सकाळी तिच्याबरोबर स्टेशनवर गेले, उगीचच. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. रुळांच्या पलीकडे नव्या मार्गिकेसाठी मातीचा भराव दिसत होता, त्यावर पावसात उगवलेलं गवत. फलाटावर बायकांच्या डब्याची जागा बरोबर माहीत असलेल्या पंचवीस-तीस जणी एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. कुणी हातातल्या डब्याची पिशवी पोटाशी घेतली, कुणी ओढणी कमरेला बांधली. लेकीने माझ्याकडे पर्स दिली, केस वर बांधले, पर्स परत घेतली.

“आई, तू मागे हो.”

मी मागे झाले. गाडी थांबायच्या आधीच तो घोळका हलला. मला तिची निळी ओढणी दिसली, मग दिसली नाही. दारात एक बाई खांब धरून उभी होती, माझ्या मावशींच्या वयाची. तिने हात पुढे केला होता. तो कुणासाठी होता ते मला कळलं नाही, पण कुणीतरी तो धरला. गाडी हलली, फलाट रिकामा झाला आणि मी तिथेच उभी राहिले, लेक आत गेली की मागे राहिली हे न कळून, रिकाम्या फलाटावर तिला शोधत.

हातातला फोन वाजला.

‘चढले’